गोतसभेतील उपरी : नांदे परिसराच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव तालुक्याच्या पूर्व कडेला, मुळा नदीच्या खोऱ्यात आहे. शेजारच्या चांदे गावाशी त्याचे नाव जोडून लोक ‘चांदे-नांदे’ असाच उच्चार करतात. हवेली तालुक्यातील नांदेड या गावाशी त्याची गल्लत करू नये. ३० जून २०२१ रोजी जी तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत घालण्यात आली, त्यांत ते नांदेड होते, मुळशीतील सूस आणि म्हाळुंगे होती, नांदे नव्हते. त्यामुळे एका बाजूस बालेवाडी-म्हाळुंग्याची वाढती वस्ती, उत्तरेस हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र, लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठ, आणि या सर्वांच्या मध्ये ग्रामपंचायतीच्या कारभाराखालील गाव, अशी या परिसराची स्थिती झाली आहे. गावाची जमीन बिगरशेती झाली की तेथे राहावयास येणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या गावचा, पुष्कळदा दुसऱ्या प्रांतातला असतो. तो घरपट्टी भरतो, गावच्या रस्त्याने जातो-येतो, गावच्या पाण्याची चिंता वाहतो. गावाच्या सभेत मात्र त्याने बोलावे की नाही, आणि बोलल्यास कोणत्या अधिकाराने, याविषयी जुने आणि नवे रहिवासी दोघेही साशंक असतात.

हा प्रश्न शहराच्या वाढीतून आजच उपजला, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो महाराष्ट्रातील ग्रामसंस्थेइतका जुना आहे, आणि त्याला मराठीत एक नेमका शब्दही आहे : उपरी. प्रस्तुत लेखात गावसभेच्या संदर्भात उपऱ्याचे स्थान कसे बदलत गेले, याचा मागोवा घ्यावयाचा आहे. नांदे या नावाचा ‘नांदणे’ या क्रियापदाशी संबंध लावण्याचा मोह येथे होतो. परंतु ध्वनिसाम्यावर इतिहास उभा करू नये, म्हणून तो आवरलेला बरा.

मोल्सवर्थच्या कोशात ‘उपरी’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी सापडतात. गावात राहणारा परंतु गावचा नसलेला, हा एक. आणि ज्या जमिनीवर आपली मालकी नाही ती कसणारा, हा दुसरा. या दोन अर्थांचे सान्निध्य अर्थपूर्ण आहे. मराठा अंमलातील गावात मनुष्य गावचा ठरे तो मुळामुळे, निवासामुळे नव्हे. ज्याची जमीन मिरास, तो मिरासदार किंवा थळकरी. त्याची जमीन वंशपरंपरेने चाले, त्याला ती विकता येई, गहाण टाकता येई. दुष्काळात किंवा स्वारीत तो परागंदा झाला आणि पुष्कळ वर्षांनी त्याचा नातू परतला, तरी मिरासीवर त्याचा दावा शिल्लक राही. उलटपक्षी दोन पिढ्या त्याच पांढरीत राहून कौलाने जमीन कसणारा उपरी उपरीच राही. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात हा भेद त्याने विस्ताराने नोंदविला आहे. थॉमस कोट्स याने पुण्याजवळच्या लोणी गावाचे जे वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे ठेवले आणि जे १८२३ साली छापले गेले, त्यातही थळकरी व उपरी हे दोन वर्ग स्वतंत्रपणे दाखविलेले आहेत. (याच गावाचे पुनःसर्वेक्षण करून घुर्ये यांनी १९६० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच गावाचे सव्वाशे वर्षांच्या अंतराने घेतलेले असे दुहेरी दर्शन आपल्याकडे दुर्मिळ आहे.)

मिरासीबरोबर जे मान येत, त्यांत गावच्या मसलतीत बोलण्याचा हक्क हा एक होता. कंपनीच्या प्रारंभीच्या अंमलदारांच्या अहवालांत थळकऱ्याचे हक्क सांगताना गायरानात गुरे चारण्याच्या आणि घर विकण्याच्या हक्काशेजारीच सभेतील मताचा उल्लेख येतो. म्हणजे बोलणे हेही मिळकतीचेच एक अंग होते.

गोतसभेचे स्वरूप वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे; त्याची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. वतनाचा, सीमेचा, वाटणीचा तंटा उभा राहिला की मोकदम, मिरासदार आणि बलुतेदार एकत्र बसत. परगण्याच्या पातळीवर देशमुख-देशपांडे येत. सरकारी अधिकारीही असत. निवाडा झाला की महजर होई. त्याच्या अखेरीस हजर असलेल्यांची नावे आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या निशाण्या असत : पाटलाचा व कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, इतरांचे ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. महजर चाळताना या निशाण्यांकडे सहसा नुसते कौतुकाने पाहिले जाते. मला त्या अधिक बोलक्या वाटतात. निशाणी ही माणसाची नसून त्याच्या वतनाची आहे. सभेत जो बोलतो, तो अमुक एक इसम म्हणून बोलत नाही, गावातील अमुक एका जागेचा धनी म्हणून बोलतो. ज्याला अशी जागाच नाही त्याने निशाणी कशाची करावयाची?

यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. महार हा गावकुसाबाहेर राही. सभेत तो दूर बसे. स्पर्शास्पर्शाचे सर्व निर्बंध त्याच्यावर होते. तथापि तो वतनदार होता, आणि सीमेच्या तंट्यात त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. हद्दीवरून चालून दाखविण्याचे काम पुष्कळदा त्याच्याच शिरावर येई. जातीने वरचा, पांढरीच्या मध्यभागी घर करून राहिलेला उपरी कुणबी मात्र त्याच महजरात कोठे नसे. गोतसभा जातिभेदापासून अलिप्त होती असा याचा अर्थ कोणी करू नये. तिच्यात बोलण्याचा हक्क आणि समानता या दोन गोष्टी एकमेकींपासून पूर्णपणे तुटलेल्या होत्या, एवढाच निष्कर्ष यातून निघतो. स्त्रियांच्या बाबतीत तर हे तुटलेपण आणखी तीव्र दिसते. वतनदाराची विधवा वतनाची धनी म्हणून कागदात येते. सभेत बसलेल्यांत स्त्री जवळजवळ येतच नाही.

उपऱ्याला सभेबाहेर ठेवण्यामागे केवळ अभिमान होता असे म्हणता येणार नाही. गावाचा वसूल गावावर मिळून असे. एखादा मिरासदार सारा भरण्यास चुकला तर ती तूट इतर मिरासदारांवर पडे, त्याची ओसाड जमीन त्यांना सांभाळावी लागे. उपऱ्याचे तसे नव्हते. तो कौल घेऊन आला, इस्ताव्याने म्हणजे वर्षागणिक चढत्या हप्त्याने सारा भरू लागला, आणि जाच वाटला तर बैल जोडून पुढच्या गावी गेला. ओसाड पडलेल्या गावांना लागवडीसाठी माणसे हवी असत. पाटील त्याची मनधरणी करीत. त्यामुळे सभेत जीभ नसलेल्या उपऱ्याचे मत त्याच्या पायांत होते असे म्हटले तरी चालेल. सभेतील शब्द आणि गाव सोडण्याची मोकळीक, या दोहोंपैकी एकच प्रत्येकाच्या वाट्यास येई. बोलणारा बांधलेला असे आणि मोकळा तो मुका असे. हा सौदा उपऱ्यालाही पुष्कळदा फायद्याचा वाटला असावा.

दार अगदीच बंद होते असेही नाही. वारस न राहिलेल्या, म्हणजे गतकूळ झालेल्या जमिनी गाव आणि पाटील नव्या माणसास मिरास करून देत. त्याचे मिरासपत्र होई, गावची माणसे साक्षीस असत, आणि तो दिवस उजाडला म्हणजे कालचा उपरी आजचा थळकरी होई. सभा परक्याला आत घेई ती परका म्हणून नव्हे. आधी त्याला आपला करून घेई आणि मग त्याचे ऐकून घेई.

तथापि याच व्यवस्थेत परक्याच्या शब्दास मुद्दाम मान देणारी एक सोय होती, आणि तिच्याकडे अभ्यासकांनी या दृष्टीने पुरेसे लक्ष दिलेले नाही. वादीस वा प्रतिवादीस आपल्या गावचे गोत पक्षपाती वाटले, तर त्याला थळ बदलून मागता येई. मसूरच्या पाटिलकीचा जगदाळे आणि बापाजी मुसलमान यांच्यामधील तंटा सतराव्या शतकाच्या प्रारंभी मसूरहून थेट पैठणच्या सभेपुढे गेला, तो याच कारणाने. आळतेकरांनी पश्चिम हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांवरील आपल्या १९२७ च्या ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली आहे. पैठणचे लोक मसूरच्या मानाने सर्वस्वी परके. नेमक्या त्या परकेपणामुळेच त्यांचा निवाडा ग्राह्य. गावाला ठाऊक होते की ज्याला गावात काही मिळवावयाचे नाही, त्याला काही गोष्टी अधिक स्वच्छ दिसतात. हे ज्ञान तंट्याच्या वेळी वापरले जाई; रोजच्या कारभारात त्याला जागा नव्हती.

मिरासदार आणि उपरी यांमधील भिंत पाडली ती सभेने नव्हे, मोजणीने. इंदापूर तालुक्यात १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी जमाबंदी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिची तत्त्वे पक्की झाली, तिच्यात प्रत्येक मोजल्या क्रमांकाचा कबजेदार सरकारास स्वतः जबाबदार धरला गेला. सारा भरीत असेतो कोणी त्याला काढू शकत नव्हते, आणि कबजा विकता-गहाण टाकता येत होता. १८६५ चा मोजणी कायदा आणि १८७९ ची जमीन महसूल संहिता यांनी हीच स्थिती कायम केली. उपऱ्याला आता तेच मिळाले जे पूर्वी मिरासीने मिळत असे. रविंदर कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे मिरासदाराचा वरचढपणा यात नाहीसा झाला. परंतु त्याच वेळी गावाची एकत्र जबाबदारी गेली, वतनाचे तंटे अदालतीत गेले, आणि गोतसभेने ठरवावे असे फारसे काही उरले नाही. उपऱ्यासाठी सभेचे दार उघडले गेले तेव्हा आत बसलेली मंडळी उठून गेलेली होती, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

उरली ती बहिष्काराची शक्ती. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे गावकऱ्यांनी सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेते करावयाची नाहीत, न्हाव्याने त्यांची हजामत करावयाची नाही, असे ठरले. पुढील मे महिन्यात सुपे येथे जे दंगे झाले त्यांची ही पूर्वपीठिका. कर्ड्याचे सावकार बहुतांशी मारवाडी-गुजर होते आणि गाव त्यांना परकेच मानीत होते. त्यांच्या जुलमाविषयी दुमत नाही. तथापि ज्या सभेला कोणाला आत घेण्याचा अधिकार उरला नव्हता, ती कोणाला तरी बाहेर ठेवण्यापुरतीच शेवटी एकत्र आली, हेही नोंदविले पाहिजे.

खुद्द मुळशीचे उदाहरण या संदर्भात सोडून चालणार नाही. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. नांद्याच्या पश्चिमेस, याच नदीच्या वरच्या अंगाला घडलेली ही गोष्ट आहे. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लाभली ती येथेच. सत्याग्रहाचे बहुतेक पुढारी पुण्याचे वा अन्य ठिकाणचे, म्हणजे मावळ्यांच्या दृष्टीने उपरीच होते. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून या लढ्यातील हितसंबंधांची गुंतागुंत उलगडते. बुडणाऱ्या जमिनींपैकी पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्यात राहणाऱ्या सावकारांच्या नावावर होती. मावळा ती कूळ म्हणून कसत होता. सावकारास पुरेसा मोबदला मिळाला की त्याचा प्रश्न मिटत होता, मावळ्याचा मिटत नव्हता. गावात नसलेला मालक आणि मालकी नसलेला गावकरी यांपैकी गावाच्या वतीने बोलावयाचे कोणी? जुन्या मिरासी न्यायाने याचे उत्तर एक येते. बुडणाऱ्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहिले तर दुसरे येते. बापटांसारखा तिसराच मनुष्य, ज्याचे तेथे शेतही नव्हते आणि घरही नव्हते, तो तुरुंगात गेला. त्याचे बोलणे मावळ्यांनी आपले मानले आणि काही काळाने पुष्कळांची साथ सुटलीही. या दोन्ही गोष्टी एकाच लढ्यात घडल्या.

गावसभेला कायद्याने पुन्हा अस्तित्व मिळाले ते टप्प्याटप्प्याने. १९२० व १९३३ चे पंचायत कायदे हे आरंभीचे टप्पे. खरा पालट झाला तो १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने, जो १ जून १९५९ पासून अंमलात आला. गावच्या मतदारयादीत ज्यांचे नाव आहे ते सर्व ग्रामसभेचे घटक, हे तत्त्व त्याने घातले. आणि गावची यादी म्हणजे विधानसभेच्या यादीचा त्या गावापुरता भाग. आता ही यादी कोणाला आत घेते? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार त्या ठिकाणी सामान्यतः राहणाऱ्याला. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमात एक वाक्य असे आहे की, एखाद्या ठिकाणी केवळ राहते घर मालकीचे वा कबजात आहे एवढ्यावरून कोणी तेथील सामान्य रहिवासी ठरत नाही.

ग्रामसंस्थेच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने या वाक्याजवळ थोडे थांबावे. गोतसभेचा संपूर्ण पाया त्यात उलटा केलेला आहे. तेथे मूळ होते म्हणून दोन पिढ्या दूर असलेल्याचाही हक्क जिवंत राहत होता आणि राहणाऱ्याचा उपजतच नव्हता. येथे मिळकत निरुपयोगी ठरते आणि राहणे तेवढे मोजले जाते. उपरी हाच आता सभेचा नमुनेदार घटक झाला, असे म्हणावयास हरकत नाही. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले, आणि महाराष्ट्रात पुढे ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याचे बंधनही आले. महजरात जिची निशाणी जवळजवळ सापडत नाही, तिच्यासाठी कायद्याने आधी जागा ठेवली.

परंतु कायद्याने पाया उलटला म्हणून मनातील पाया उलटतो असे नाही. नांद्यासारख्या शहरालगतच्या गावात हे विशेष जाणवते. नवा रहिवासी इमारतीत राहतो. त्याची आपल्या सोसायटीची वेगळी सभा असते. त्याचे मतदारयादीतील नाव कित्येकदा पुण्यातील जुन्या पत्त्यावर किंवा आपल्या मूळ गावी असते. म्हणजे कायद्याने दिलेले दार त्याने स्वतःच लोटलेले नसते. सभेला तो गेलाच तर तो पाहुणा म्हणून जातो, आणि पाहुण्यासारखाच नळाची तक्रार सांगून परततो. जुन्या गावकऱ्याच्या मनात तोच जुना हिशेब असतो : हा आज आहे, उद्या घर विकून जाईल, गायरान, स्मशान, देऊळ, ओढा यांचे याला काय? या हिशेबात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिळून पडणारी जबाबदारी हीच गोतसभेच्या बंद दाराची खरी कडी होती, हे वर आलेच आहे. तथापि आज परिस्थिती तंतोतंत तशी राहिलेली नाही. पंचायतीच्या घरपट्टीचा भार नव्या इमारतींवरही पडतो. भार वाहणारा मुका आणि बोलणारा अल्पसंख्य, अशी उलटापालट होण्याचा संभव आहे. शिवाय गाव सोडून जाण्याची मोकळीक आता थळकऱ्यालाही आहे. जमिनीला भाव आला की तोही जातो.

यावर एक निराळा तोडगा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात काढला गेला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे ग्रामसभा आणि अभ्यासगट अशा दोन बैठका वेगळ्या ठेवण्यात आल्या. अभ्यासगटात बाहेरचा कोणीही येऊन बसू शकतो, विचारू शकतो, आक्षेप घेऊ शकतो, आपल्याजवळची माहिती देऊ शकतो. निर्णय मात्र तेथे होत नाही. तो गावातील स्त्री-पुरुषांच्या ग्रामसभेत, सर्वसहमतीने होतो. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे या अभ्यासाचा वाटा मोठा होता. ऐकणे आणि ठरविणे यांची ही फारकत पाहिली म्हणजे थळ बदलण्याच्या जुन्या चालीची आठवण होते. फरक इतकाच की मसूरला परक्याने निवाडा दिला, मेंढ्याला परका केवळ प्रश्न विचारतो. मेंढा हे लहान, एकजिनसी, जंगलावर जगणारे गाव आहे. तेथे कोण बाहेरचा हे सांगावे लागत नाही. नांद्यात तेच सांगणे सर्वांत कठीण, त्यामुळे हा तोडगा येथे जसाच्या तसा चालेल असे वाटत नाही. तरीही मतदारयादीत नाव नसलेल्या रहिवाशास बोलण्यापुरती जागा द्यावी आणि मतापुरती देऊ नये, ही विभागणी येथेही विचारात घेण्याजोगी आहे.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना साधनांची उणीव भासू नये. ग्रामपंचायतीत ग्रामसभेचे इतिवृत्त आणि हजेरीच्या सह्या ठेवल्या जातात; घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना आठ, तेथेच असते; मतदारयादी तर प्रसिद्धच असते. शहरालगतच्या एखाद्या गावाची ही तीन कागदपत्रे वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने शेजारी ठेवून पाहिली, तर पट्टी कोण भरतो, मत कोणाला आहे आणि सभेत सही कोणाची, या तीन वर्तुळांचे परस्परांशी नाते स्पष्ट होईल. महजरातील निशाण्या जितक्या बारकाईने आपण वाचतो, तितक्याच बारकाईने या सह्या वाचावयास हव्यात. आरंभ मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडील गावांपासून करणे सोयीचे होईल. त्यांतील सूस आणि म्हाळुंगे येथील ग्रामसभा २०२१ साली महानगरपालिकेतील समावेशाबरोबर संपुष्टात आल्या, आणि त्यांच्या जुन्या वह्या आता चालू कारभाराच्या राहिलेल्या नाहीत. त्या प्रथम पाहिलेल्या बऱ्या.